हाती फक्त शंख. नवी प्रजाती ठरते कशी?

अलिबाग, मुरूडच्या वाळूत सापडणारे शंख बहुतेक उथळ पाण्यातले. मुंबई-रायगडसमोरचा उथळ समुद्रतळ सुमारे ३०० किलोमीटर पसरला आहे. खोल समुद्र त्यापलीकडे. तिथले शंख वर आणले ते १८८१ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलेल्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजाने. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील एडगर स्मिथ यांनी त्यातून अनेक नव्या प्रजातींची वर्णने केली, तीही मुख्यतः शंखांवरूनच.

नेमके काय पाहतात? उंची, वेढे, तोंडाचा आकार, पृष्ठभागावरच्या रेघा. सर्वांत बोलके असते ते टोक. ते पिल्लावस्थेतले कवच. पिल्लू पाण्यात तरंगत दूर गेले की तळाशीच वाढले, याचा अंदाज त्यावरून येतो. टोक झिजले, की मोठा पुरावा गेला.

मग जुन्या प्रजातींच्या मूळ नमुन्यांशी तुलना. वेगळेपण पटले तर एक शंख ‘होलोटाइप’ ठरतो आणि नवे नाव त्यालाच बांधले जाते. अर्थात शंख फसवतोही. दोन वेगळ्या प्रजातींचे शंख हुबेहूब असू शकतात. म्हणून मांसल भाग मिळाला तर आता डीएनएही तपासतात.

एवढा खटाटोप कशासाठी? हिंदी महासागरातील लोहखवल्यांची गोगलगाय २००१ मध्ये सापडली, तिला अधिकृत नाव मिळाले २०१५ मध्ये. खोल समुद्रातील संभाव्य खाणकामामुळे संकटग्रस्त म्हणून तिची नोंद झाली, ती त्यानंतर, २०१९ मध्ये.