पिवळं ते सगळं सोनकी नव्हे

गणपती झाले की पुण्याच्या टेकड्या पिवळ्या व्हायला लागतात. फोटो निघतात, खाली लिहिलेलं असतं ‘सोनकी बहरली’. मंडळी, त्यातलं बरंचसं सोनकी नसतं. तो असतो कॉसमॉस. शास्त्रीय नाव कॉसमॉस सल्फ्युरियस, म्हणजे गंधकासारखा पिवळा. मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. आपल्याकडे बागेतलं शोभेचं फूल म्हणून आला आणि कुंपण ओलांडून रस्त्याकडेला, माळावर, टेकडीवर पसरला.

ओळखायचं ते पानावरून. सोनकीचं पान अखंड, कडा दातेरी. कॉसमॉसचं पान झेंडूसारखं चिरलेलं. सोनकी गुडघ्याच्या आसपास राहते. कॉसमॉस कमरेच्याही वर जातो आणि त्याचा पिवळा रंग केशरीकडे झुकतो.

आता कुणीतरी विचारणारच, परदेशी आहे म्हणून वाईट का? तसं नाही हो. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही मेक्सिकोचाच, आणि मिरचीसुद्धा! पण झेंडू बहुतेक लावू तिथेच राहतो. कॉसमॉसचं बी लांबट, सुईसारखं. टोकाला बहुधा दोन बारीक काटे. ते पायजम्याला, शेळीच्या केसांना अडकून पुढे जातं. पावसाळ्यात दाट उगवतो, गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत, आणि उंच वाढून खालचं ऊन अडवतो. गवत, तेरडा, कवला या बुटक्या मंडळींना ऊनच मिळत नाही.

‘पण फुलपाखरं बसतात की त्यावर!’ बसतात, मध पितात. त्यांच्या अळ्यांचं मात्र वेगळं असतं. काहींना गवतच लागतं, काहींना ठरावीक स्थानिक झाडं. नुसत्या मधावर फुलपाखराची पुढची पिढी वाढत नाही.

यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. कॉसमॉस वर्षायू आहे, पुढच्या वर्षीचा सगळा कारभार बियांवर. म्हणून ओल्या जमिनीतून, बी धरायच्या आत उपटायचा. बी पिकल्यावर उपटाल तर झटकताना पेरणीच कराल. जमिनीत आधीचं बी असतं, त्यामुळे एका वर्षात भागत नाही, त्याच जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं. आणि सुशोभीकरण म्हणून रस्त्याकडेला त्याच्या बियांची पाकिटं उधळणं आधी थांबवा.

उपटायला माणसं नेताना मात्र प्रत्येकाच्या हातात आधी दोन्ही पानं द्या. उत्साहाच्या भरात सोनकीच उपटली जाते.