जुगारात गुन्हा कोणता : खेळणे की खेळविणे?

कर्जत, प्रतिनिधी - मुंबई आणि पुणे या महानगरांच्या मधोमध असल्याने कर्जत व खालापूर तालुक्यांत ठिकठिकाणी फार्महाऊस उभी राहिली. शनिवार-रविवारी ती भाड्याने दिली जातात. तेथे बंद दारामागे पैसे लावून पत्ते खेळले गेले, तर तो गुन्हा ठरतो काय? प्रश्न कायद्याचा आहे, तसाच राज्यशास्त्राचाही. नागरिकाच्या खासगी वर्तनात शासनाने कोठवर हस्तक्षेप करावा?

राज्यात याबाबतचा मूळ कायदा 1887 चा आहे. पत्त्यांच्या बाबतीत त्याचा रोख 'सामाईक जुगारगृहा'वर आहे. जागेचा मालक अथवा चालक स्वतःच्या नफ्यासाठी जुगाराची साधने ठेवतो, ती जागा जुगारगृह ठरते. गणपतीच्या जागरणाला नातलगांनी घरात मांडलेला डाव आणि प्रत्येक डावामागे चालकाचा हिस्सा काढला जाणारा अड्डा यांत कायदा असा भेद करतो. अड्ड्यावर सापडलेला खेळाडूही शिक्षेस पात्र असतो. चालकाला मात्र अधिक कडक शिक्षा आहे. जाणूनबुजून जागा वापरू देणारा मालकही सुटत नाही.

या भेदामागील विचार जॉन स्टुअर्ट मिल यांच्या 1859 मधील 'ऑन लिबर्टी' या ग्रंथात आढळतो. गोपाळ गणेश आगरकरांवर प्रभाव टाकणारे हेच ते मिल. दुसऱ्याला हानी पोहोचत असेल तरच शासनाने बळाचा वापर करावा, हे त्यांचे सूत्र. त्यांच्या मते जुगार सहन करावा लागेल; पण जुगारगृह चालविण्याची मुभा द्यावी काय, हा प्रश्न त्यांनी सीमारेषेवरचा मानला. किराण्याचे पैसे डावात गेले, तर हानी कुटुंबाची होते. तेव्हा शिक्षा चैनीला नव्हे, कर्तव्यच्युतीला, असे मिल म्हणतात.

याउलट, समाजाला आपली नीती कायद्याने जपण्याचा अधिकार आहे, अशी भूमिका इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड डेव्हलिन यांनी 1959 मध्ये मांडली. त्याआधी 1957 मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऋग्वेद व महाभारताचे दाखले देत जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे, असा निर्वाळा दिला होता.

शासनाचे धोरण मात्र एका सूत्रात बसत नाही. मटका हा गुन्हा. पण 1969 मध्ये राज्याने स्वतःची लॉटरी काढली. 1976 मध्ये कॅसिनोंना परवानगी देणारा कायदा संमत झाला, तो कधीच अमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्द करण्यात आला. जुगार अनीतीचा म्हणून वर्ज्य असेल, तर सरकारी तिकीटही त्याच कसोटीला उतरले पाहिजे.

संसदेने 2025 मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात खेळाडूला शिक्षा नाही. खेळ पुरविणारे, जाहिरात करणारे व पैशांचे व्यवहार हाताळणारे त्यात दोषी ठरतात.

फार्महाऊसवरील छाप्यालाही हीच कसोटी हवी. रीतसर छाप्यात जुगाराची साधने जप्त झाली, की ती जागा जुगारगृह असल्याचे 1887 चा कायदा गृहीत धरतो. तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो. म्हणूनच पत्ते कोणाच्या हाती होते यापेक्षा प्रत्येक डावातून पैसा कोणाच्या खिशात जात होता, याचा तपास महत्त्वाचा. तो झाला नाही, तर खेळणारे पकडले जातील आणि खेळविणारा दुसरे फार्महाऊस भाड्याने घेईल.