नजर पडद्यावर, बोटे कळांवर

न पाहता टायपिंग करणे म्हणजे दहाही बोटांना आपापल्या कळा नेमून देणे आणि कळफलकाकडे मान न वळवता मजकूर उतरवणे. महाराष्ट्रात हे कौशल्य दीर्घकाळ नोकरीशी जोडलेले राहिले. दहावी-बारावीची परीक्षा संपली की सुट्टीत टायपिंगचा क्लास लावायचा, ‘तीस’ची आणि ‘चाळीस’ची परीक्षा द्यायची आणि प्रमाणपत्र भरतीच्या अर्जाला जोडायचे, हा अनेक घरांतला ठरलेला क्रम. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षा आता टंकलेखन यंत्राऐवजी संगणकावर होते. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग मागितला जातो.

मात्र आजच्या मुलांच्या हाती कळफलक प्राथमिक शाळेतच येतो. कुणी शिकवले नाही तर दोन बोटांनी एकेक अक्षर हुडकत टायपिंग करण्याची सवय जडते आणि क्लासच्या वयापर्यंत ती पक्की होते. जडलेली सवय मोडण्यापेक्षा पहिली सवयच नीट लावणे सोपे असते. त्यासाठी घरातले एक टेबल, एक कळफलक आणि रोजची पंधरा मिनिटे पुरतात.

वेग ही दुय्यम गोष्ट

पाहून आणि न पाहता केलेल्या टायपिंगचा पहिला गाजलेला सामना २५ जुलै १८८८ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात झाला. सॉल्ट लेक सिटीच्या न्यायालयात लघुलेखकाचे काम करणारा फ्रँक मॅकगरिन याने रेमिंग्टन यंत्राच्या कळा पाठ केल्या होत्या आणि तो दहाही बोटांनी टायपिंग करत असे. कळांकडे पाहत काम करणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला त्याने सहज हरवले. तेव्हापासून ही पद्धत वेगासाठी ओळखली जाऊ लागली.

वेगाचा हा दावा पूर्ण खरा नाही. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ३० जणांच्या बोटांच्या हालचाली कॅमेऱ्यांनी टिपल्या. स्वतःच शिकलेले, सहा-सात बोटेच वापरणारे काही जण दहा बोटांनी टायपिंग करणाऱ्यांइतकेच वेगवान निघाले. एक अक्षर नेहमी एकाच बोटाने दाबणे, हे त्या वेगामागचे महत्त्वाचे कारण होते. फरक पडला तो नजरेत. रीतसर शिकलेले लोक कळफलकाकडे खूपच कमी पाहत होते.

मुलांच्या दृष्टीने खरा लाभ हाच आहे. निबंध लिहिणाऱ्या मुलाला पुढचे वाक्य सुचत असते, मागच्या वाक्यातली चूक दिसत असते. ‘क’ कुठे आहे हे शोधण्यात लक्ष गेले की वाक्याचा धागा तुटतो. बोटे आपोआप चालू लागली की लक्ष मजकुरासाठी मोकळे होते.

ही आपोआपता कशी असते, याचा नमुना अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या २०१४ मधील प्रयोगात दिसला. मिनिटाला सरासरी ७२ शब्दांचा वेग असलेल्या शंभर जणांना कोरा कळफलक देऊन त्यावर अक्षरे भरायला सांगितले, तेव्हा त्यांना सरासरी पंधराच अक्षरांच्या जागा अचूक भरता आल्या. कळांच्या जागा बोटांना ठाऊक होत्या, सांगता मात्र येत नव्हत्या. म्हणून मुलाकडून कळफलकाचा नकाशा घोकून घेण्यात अर्थ नसतो. अक्षर दिसले की बोट हलले पाहिजे, आणि त्याला सराव हाच मार्ग आहे.

वय आणि हात

नेहमीच्या कळफलकावर एका कळेच्या मध्यापासून शेजारच्या कळेच्या मध्यापर्यंत सुमारे १९ मिलिमीटर अंतर असते. सहा वर्षांच्या मुलाची करंगळी वरच्या ओळीपर्यंत नेताना अख्खा हात जागेवरून सरकतो. साधारण आठ-नऊ वर्षांचे होईपर्यंत पंजा पुरेसा मोठा झालेला असतो, बोटे स्वतंत्रपणे हलवता येतात आणि वाचनही सराईत झालेले असते. म्हणून तिसरी-चौथी हा सुरुवातीचा योग्य काळ. त्याआधी कळफलकाची ओळख खेळापुरती ठेवावी.

टायपिंग हा हस्ताक्षराला पर्याय नव्हे. अक्षर गिरवताना त्याचे वळण हाताला आणि डोळ्यांना एकदम कळते, आणि शालेय परीक्षाही हातानेच लिहायच्या असतात. लेखणी धरून लिहिताना ज्यांना फार कष्ट पडतात, अशा मुलांना मात्र टायपिंगचा मोठा आधार होतो.

बैठक आणि साधने

जेवणाच्या टेबलावर ठेवलेला लॅपटॉप मुलासाठी बहुधा फार उंच असतो. खुर्चीवर उशी किंवा जाड घडी घालून मुलाला एवढे वर बसवावे, की कोपर काटकोनात राहील आणि मनगट वाकणार नाही. मग पाय लोंबकळतात, त्यांच्याखाली पाट किंवा स्टूल द्यावे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला असावी. मनगटे टेबलावर दाबून ठेवू नयेत, नाहीतर बोटांची ये-जा अडते.

घरात संगणक नसेल तर साधा यूएसबी कळफलक चालतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनना आणि टॅबलेटना तो ओटीजी जोडणीने लावता येतो. काचेच्या पडद्यावरचा कळफलक या कामाचा नाही, कारण तिथे बोटाला कळेची कड लागत नाही. सरावासाठी केटच आणि टक्स टायपिंग ही मोफत सॉफ्टवेअर आहेत, टायपिंग क्लबसारखी संकेतस्थळेही आहेत.

मधल्या ओळीपासून सुरुवात

इंग्रजी कळफलकावरील ‘एफ’ आणि ‘जे’ या कळांवर बारीक उंचवटे असतात. डोळे मिटून ते चाचपडणे हा पहिला धडा. डावी तर्जनी ‘एफ’वर आणि उजवी तर्जनी ‘जे’वर ठेवली की बाकीची बोटे आपोआप जागेवर येतात. डाव्या करंगळीपासून ‘ए, एस, डी, एफ’, उजव्या तर्जनीपासून ‘जे, के, एल’ आणि करंगळीखाली अर्धविराम. मधल्या ‘जी’ आणि ‘एच’ या कळा दोन तर्जन्यांकडे जातात. अंगठा स्पेसबारवर असतो. कोणतीही कळ दाबून झाली की बोट पुन्हा या ओळीवर आलेच पाहिजे.

क्लासमध्ये पिढ्यान् पिढ्या घटवला गेलेला धडा याच ओळीचा. घरीही आधी अक्षरांच्या जोड्या, मग ‘डॅड’, ‘आस्क’, ‘फॉल’, ‘ग्लास’, ‘सॅलड’ असे या ओळीतच बसणारे शब्द द्यावेत. ते न पाहता जमले की वरची ओळ, नंतर खालची ओळ, शेवटी आकडे. एका बैठकीत दोन-तीन नवी अक्षरे पुरेत. मोठ्या लिपीतील अक्षरासाठी शिफ्ट नेहमी विरुद्ध हाताच्या करंगळीने धरायची, हा नियम सुरुवातीलाच लावावा. मुले दोन्ही कामे एकाच हाताने करू पाहतात आणि पंजा वेडावाकडा ताणला जातो.

मराठीसाठी इनस्क्रिप्ट

मराठी टायपिंग अनेक घरांत रोमन अक्षरांतून होते. ‘मी’साठी ‘एम’ आणि ‘आय’ दाबायचे आणि यंत्राने सुचवलेला शब्द निवडायचा. ते शिकायला सोपे असले तरी प्रत्येक शब्दाला पडद्यावरची यादी तपासावी लागते, आणि मूल मराठी शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग मनात जुळवत बसते. न पाहता थेट देवनागरी उतरवायची तर इनस्क्रिप्ट हा कळफलक हवा. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये तो प्रमाणित केला आणि भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात त्याचा समावेश झाला. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की तो मिळतो. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाता येते.

हा कळफलक वर्णमालेच्या रचनेवर उभा आहे. स्वर डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे. मधल्या ओळीत उजव्या बोटांखाली ‘प, र, क, त, च, ट’ ही अक्षरे असतात. शिफ्ट धरले की त्याच कळांवर ‘फ, ख, थ, छ, ठ’ येतात. ‘क’च्या वरच्या ओळीत ‘ग’ आणि शिफ्टसह ‘घ’, ‘त’च्या वर ‘द’ आणि ‘ध’, ‘च’च्या वर ‘ज’ आणि ‘झ’. ‘क, ख, ग, घ’ ही चार अक्षरे अशी एकाच बोटाच्या दोन कळांवर बसतात.

स्वरांचेही तसेच. मधल्या ओळीत ऱ्हस्व वेलांटी व ऱ्हस्व उकार, त्यांच्या बरोबर वर दीर्घ वेलांटी व दीर्घ उकार. एका मात्रेच्या वर दोन मात्रा. नुसती कळ दाबली की चिन्ह उमटते, शिफ्टसह दाबली की पूर्ण स्वर. ‘ल’च्या कळेवर शिफ्टसह ‘ळ’ आणि ‘स’च्या कळेवर ‘श’ मिळतो. ‘म, न, व’ ही व्यंजने डाव्या हाताच्या खालच्या ओळीत असल्याने तेवढी वेगळी घटवावी लागतात. बाराखडी येणाऱ्या मुलाला हा क्रम इंग्रजी अक्षरांच्या मांडणीपेक्षा लवकर उमगतो, कारण तिथे असा कोणताच दुवा नसतो.

मधल्या ओळीतच ‘चोच’, ‘पोट’, ‘रोप’, ‘केर’, ‘टोक’, ‘कोपर’ असे शब्द तयार होतात. अक्षराचा पाय मोडणारी कळ डाव्या मधल्या बोटाखाली असल्याने ‘पत्र’, ‘चक्र’, ‘पुत्र’ ही जोडाक्षरेही पहिल्याच आठवड्यात येतात. नियम एकच: उच्चाराच्या क्रमाने टायपिंग करायचे. ‘किती’ लिहिताना आधी ‘क’, मग वेलांटी, मग ‘त’ आणि त्याची वेलांटी. ऱ्हस्व वेलांटी पडद्यावर अक्षराच्या आधी दिसली तरी कळ नंतर दाबली जाते. ‘सूर्य’ शब्दातला रफार ‘र’ आणि पायमोड यांतून आपोआप घडतो. ‘दऱ्या’, ‘पुऱ्या’ अशा शब्दांसाठी मात्र शिफ्टसह ‘र’ची कळ वापरायची, मग पायमोड आणि ‘य’.

दोन्ही भाषा एकदम सुरू करू नयेत. एका कळफलकाच्या तिन्ही ओळी पक्क्या झाल्या की दुसरा हाती घ्यावा. कोणती बोटे कोणत्या कळांवर जायची हे दोन्हीकडे सारखेच असल्याने दुसऱ्या वेळी निम्मे काम आधीच झालेले असते.

रोजचा सराव

रविवारच्या दीड तासापेक्षा आठवड्यातून पाच-सहा दिवस पंधरा-वीस मिनिटे चांगली. बैठकीची पहिली काही मिनिटे जुन्या धड्याला, मधला वेळ नव्या अक्षरांना आणि शेवट मुलाच्या आवडीच्या मजकुराला द्यावा. घरच्यांची नावे, गावांची नावे, क्रिकेटपटूंची यादी, आजीला पाठवायचे चार ओळींचे पत्र, काहीही चालते.

नजर खाली जाऊ नये म्हणून दोन्ही हातांवर एखादा पातळ नॅपकीन टाकावा. कळफलकाचे चित्र समोर पडद्याशेजारी लावावे, म्हणजे अडले तर मूल वर पाहील. मुलाने चूक केली की लगेच बॅकस्पेस दाबण्याची घाई होते. सुरुवातीच्या धड्यांत ओळ पूर्ण करू द्यावी आणि मग एकत्र चुका पाहाव्यात. एकाच अक्षराशी चूक पुन्हा पुन्हा होत असेल तर बहुधा बोट चुकीचे असते. त्या अक्षराचे वेगळे शब्द काढून द्यावेत.

मोजमाप

इंग्रजी टायपिंगमध्ये पाच ठोके म्हणजे एक शब्द असा हिशेब असतो आणि स्पेसही ठोका धरला जातो. पाच मिनिटांत ६०० ठोके पडले तर १२० शब्द, म्हणजे मिनिटाला २४ शब्दांचा वेग. पहिल्या महिन्यात मात्र हा आकडा मुलासमोर ठेवू नये. आधी अचूकता पाहावी. शंभरातले ९५ ठोके बरोबर पडेपर्यंत पुढचा धडा देऊ नये. घाईने चुकीचे घटवलेले बोट नंतर सुधारायला दुप्पट वेळ घेते. तिन्ही ओळी येत असलेल्या मुलाने हाताने लिहिण्याचा आपला वेग टायपिंगमध्ये गाठला की पहिला टप्पा पार झाला.

कुठे अडते

सर्वांत कठीण प्रसंग दोन बोटांनी आधीच सफाईने टायपिंग करणाऱ्या मुलाचा. नव्या पद्धतीत त्याचा वेग काही आठवडे निम्म्यावर येतो आणि ते चिडून जुन्या सवयीकडे वळते. अशा वेळी शाळेचे काम जुन्या पद्धतीने करू द्यावे आणि सरावाच्या वेळेत मात्र दहा बोटांचा नियम मोडू देऊ नये. दोन्ही वेग जवळ आले की सगळेच काम नव्या पद्धतीवर आणावे.

दुसरी अडचण कंटाळ्याची. अक्षरांच्या जोड्या घटवणे रटाळ असते, म्हणून शक्य तितक्या लवकर खऱ्या शब्दांकडे वळावे. भावंडांमध्ये वेगाची शर्यत लावू नये. मुलाचा आजचा धडा त्याच्याच मागच्या आठवड्याच्या धड्याशी ताडावा. दोन बोटांनी टायपिंग करणाऱ्या आई-वडिलांनी सोबत बसून शिकले तर मुलाला उपदेश कमी आणि सोबत जास्त मिळते.

तिन्ही ओळी हाती आल्यावर वेगळ्या धड्यांची गरज उरत नाही. प्रकल्पाचा मजकूर, भाषण, गोष्ट, सहलीचे वर्णन असे खरे लेखन टायपिंगने होऊ लागले की वेग त्यातूनच वाढतो. आकडे आणि विरामचिन्हे मागे राहतात, तेवढ्यासाठी आठवड्यातून एक छोटा सराव चालू ठेवावा. पुढे कधी तीस-चाळीसची परीक्षा द्यायची वेळ आलीच, तर नव्याने शिकायला उरतात ते फक्त परीक्षेचे नमुने आणि वेळेचे गणित.