शहरातील झाड आणि कलावंताची दृष्टी

मुंबईतील जुन्या वस्त्यांची नावे एकामागून एक उच्चारून पाहिली, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. चिंचपोकळी, चिंचबंदर, ताडदेव, फणसवाडी, वडाळा, उमरखाडी ही सारी नावे झाडांवरून पडलेली आहेत. ती कोणा अंमलदाराने कागदावर ठरवून दिलेली नव्हेत. येणाऱ्याजाणाऱ्या सामान्य माणसांनी ती बोलता बोलता ठेवली. त्यांच्या लेखी झाड ही जागेची खूण होती. आज त्या चिंचा, ते ताड आणि ते फणस बहुतेक ठिकाणी उरलेले नाहीत; नावे मात्र पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी टिकून आहेत.

ह्या नावांतच आजच्या विषयाचे बीज आहे. सामान्यनाम आणि विशेषनाम हे दोन भेद आपण शाळेत शिकतो. 'झाड' हे सामान्यनाम होय. ज्या झाडाला ह्या सामान्यनामापलीकडे काही ओळख नाही, ते शहरात फार दिवस टिकत नाही, असे मला वाटते. आणि झाडाला विशेषनामाच्या पदवीस चढविण्याचे काम शास्त्राने जितके केले, तितकेच, किंबहुना काकणभर अधिक, कलेने आणि कल्पनाशक्तीने केलेले आहे.

घरातल्या एखाद्या मुलाला झाडाचे चित्र काढावयास सांगावे. तो एक तपकिरी दांडा उभा करील आणि त्यावर हिरवा ढग ठेवील. असे झाड ह्या पृथ्वीवर कोठेही उगवत नाही. परंतु दोष मुलाचा नव्हे. थोरांच्या मनातले झाडही बहुधा असेच असते. आपल्या इमारतींच्या फाटकाशी सरळसोट वाढणारी, लांब पानांची जी झाडे असतात, त्यांना आपण 'अशोक' म्हणतो. वस्तुतः तो आसुपालव. त्याची फुले हिरवट असतात, आणि ती कोणाच्या नजरेस येतही नाहीत. ज्याला सुंदरीच्या पायाचा स्पर्श झाला म्हणजे बहर येतो अशी कल्पना संस्कृत कवींनी केली, ज्याच्या दोहदावर कालिदासाने 'मालविकाग्निमित्रा'चा तिसरा अंक रचला, तो अशोक निराळा. त्याच्या खोडावर आणि फांद्यांवर केशरी-तांबड्या फुलांचे घोस लागतात. कवीने झाड पाहिले होते म्हणून त्याला ती कल्पना सुचली. आपण नाव तेवढे उचलले आणि झाड हरवून बसलो.

जुने कलावंत झाडाकडे किती बारकाईने पाहत, याचा एक दाखला भरहूतचा आहे. मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यातल्या ह्या ठिकाणी १८७३ साली कनिंगहॅम यांना एका प्राचीन स्तूपाचा दगडी कठडा सापडला. त्याचा पुष्कळसा भाग आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवीत नसत; वृक्ष आणि त्याखालचे रिकामे आसन एवढ्यावरून बुद्धाचे अस्तित्व सुचवीत. बौद्ध परंपरेत शाक्यमुनींच्या पूर्वीही बुद्ध होऊन गेले, आणि प्रत्येकाचा बोधिवृक्ष वेगळा. कोणाचा पाटल, कोणाचा शाल, कोणाचा शिरीष, कोणाचा उंबर, कोणाचा वड, शाक्यमुनींचा पिंपळ. भरहूतच्या पाथरवटाने ही झाडे एका साच्यातून काढली नाहीत. पानांची घडण पाहून झाड ओळखावे अशा बेताने त्याने ती कोरली, आणि जोडीला नावेही खोदली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी पूज्य होता तो अमुक एक वृक्ष. केवळ 'एक झाड' नव्हे.

असे पाहण्याने नुसते सौंदर्य हाती लागते असे नाही. ज्ञानही हाती लागते. दुर्मिळ वस्तूला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. ही म्हण करणाऱ्या माणसाने उंबराला फळे लगडलेली पाहिली आणि फूल कधीच पाहिले नाही, म्हणून तो चकित झाला. वनस्पतिशास्त्राने पुढे त्याचा उलगडा केला. आपण ज्याला फळ म्हणतो, त्याच्या पोटातच उंबराची शेकडो बारीक फुले दडलेली असतात. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी एक गांधीलमाशीच्या कुळातली माशी सूक्ष्म छिद्रातून आत शिरते, तेथे अंडी घालते आणि जाता जाता परागसिंचन करते. उंबर, वड, पिंपळ यांच्या प्रत्येक जातीशी अशा माश्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे. ही फळे वर्षाच्या निरनिराळ्या वेळी पिकतात आणि पाखरांना, वटवाघळांना पोसतात. तांबट पक्षी त्यांतलाच एक. त्याचा ठोक्यांसारखा आवाज ऐकून कोणाला तरी तांब्याचे भांडे ठोकणारा कारागीर आठवला आणि पाखराचे नाव तांबट पडले. गावातल्या आळीचा आवाज आणि रानातला आवाज ह्यांची गाठ एका शब्दाने घातली. हे काम कवीचेच आहे, मग तो कवी निरक्षर का असेना.

शहरातला निसर्ग बागेच्या कुंपणातच राहतो ही समजूतही सोडून द्यावयास हवी. जुन्या इमारतीच्या भिंतीतून पिंपळाचे रोप डोकावते, ते कोणी लावलेले नसते. पाखराने फळ खाल्ले, विष्ठेबरोबर बी भेगेत पडले आणि पावसाने ते रुजविले. घरमालकाला ते काढावे लागते, त्याला इलाज नाही. परंतु रानाची ती चिठ्ठी आहे. आणि मुंबईत खरेखुरे रानही आहे. बोरिवलीपासून ठाण्यापर्यंत पसरलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे आहे. विहार आणि तुळशी ह्या तलावांचे पाणी शहराला मिळावे म्हणून त्यांच्या भोवतीचे रान एकोणिसाव्या शतकापासून राखले गेले. तेथे बिबळे आजही नांदतात. भोवताली लाखो माणसांची वस्ती असता हे श्वापद तेथे जगते, हे नवल आहे. त्या परिसरातल्या पाड्यांवर राहणारे वारली वाघोबाला देव मानतात आणि त्याला भिऊन, मान देऊन वागतात. भय आणि आदर ह्यांची अशी सांगड घालणे हेही कल्पनाशक्तीचेच कार्य होय.

वारल्यांची चित्रे आता सर्वांना परिचित आहेत. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ती काढीत. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणून जगभर पोचविली आणि २०११ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. ह्या चित्रांत एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. माणूस म्हणजे दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि चार रेघा. त्याला तेवढेच पुरते. परंतु झाड आले की चित्रकाराचा हात सावकाश चालू लागतो. तो फांदी फांदी, पान पान काढतो. मुलाने काढलेला हिरवा ढग येथे चालत नाही.

आता व्यवहाराचा प्रश्न. २०१९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रो रेल्वेच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे दोन-तीन दिवसांत तोडली गेली. सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबविली तोवर ती पडली होती. शहराला रेल्वे हवी, हे कोणीही नाकारणार नाही. वादाचे खरे मर्म हिशेबात होते. 'एवढी तोडू, त्याच्या दुप्पट-तिप्पट लावू' असे जेव्हा म्हणतात, तेव्हा कोणतेही झाड कोणत्याही झाडाच्या बदली चालते असे गृहीत धरलेले असते. ही सामान्यनामाची भाषा झाली. शंभर वर्षांच्या वडाच्या ढोलीतले घुबड दहा रोपांत राहावयास जाऊ शकत नाही. महाराष्ट्रात शहरांतील झाडांच्या रक्षणाचा कायदा १९७५ सालचा आहे. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानण्याची आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याची तरतूद आली. झाडाला वय असते एवढे तरी कायद्याने त्यात मान्य केले. परंतु अमुक झाडाला चरित्रही असते, हे सांगण्याचे काम कायद्याच्या आवाक्यातले नाही.

ते काम मुद्दाम हाती घेता येते काय? जर्मनीतील कासेल शहरात योझेफ बॉइस ह्या कलावंताने ते घेतले. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, बॉम्बवर्षावाने हे शहर उद्ध्वस्त झाले होते. १९८२ साली तेथे भरलेल्या मोठ्या कलाप्रदर्शनासाठी बॉइस यांनी चित्र दिले नाही की मूर्ती दिली नाही. त्यांनी प्रदर्शनाच्या इमारतीपुढे ७००० दगडांचा ढीग रचला. दगड बेसाल्टचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या जातीचे. अट एकच: शहरात एक झाड लावावे तेव्हाच ढिगातला एक दगड हलवून त्या झाडाशेजारी रोवावा. नागरिकांनी ढिगाविषयी पुष्कळ कुरकुर केली. पण ढीग नाहीसा करण्याचा मार्ग झाडे लावणे हाच होता. १९८६ साली बॉइस वारले; १९८७ साली त्यांच्या मुलाने शेवटचे झाड लावले. आज दगड आहे तेवढाच आहे आणि झाड त्याच्या कितीतरी वर गेले आहे. दगड शेजारी असल्यामुळे प्रत्येक झाड मोजलेले, लक्षात राहिलेले झाले.

मात्र एक सावधगिरी सांगावयास हवी. नुसत्या भावनेने झाड जगत नाही. पिंपळाला आपण पूजतो आणि त्याच्या बुंध्यापर्यंत सिमेंटचा पार बांधून त्याची मुळे कोंडतो. सणासुदीला दिव्यांच्या माळांसाठी त्याच खोडात खिळे ठोकतो. मुळांना हवा लागते, पाणी लागते. खोडाच्या सालीखालूनच अन्नरसाचा प्रवाह चालतो. ज्या कल्पनेला हे ज्ञान नाही ती झाडाच्या जिवावर उठते. कल्पना आणि माहिती ह्या दोघींनी मिळून झाडाची राखण करावयाची आहे.

तेव्हा श्रोत्यांना एवढीच विनंती की, आपल्या घरापासून हमरस्त्यापर्यंत जी झाडे आहेत ती मोजावीत आणि त्यांची नावे शोधून काढावीत. त्यांतले एक निवडून घरातल्या मुलाकडून त्याचे चित्र दर महिन्याला काढून घ्यावे: पानगळीचे, पालवीचे, मोहराचे, पावसातले. वर्षाअखेरीस बारा चित्रे होतील, आणि त्यांत हिरवा ढग बहुधा एकही नसेल. पुढे कधी त्या झाडावर पालिकेची नोटीस चिकटलीच, तर ती वाचावयास थांबणारे आणि मुदतीच्या आत हरकत नोंदविणारे एक तरी घर त्या रस्त्यावर असेल.