मंगळवारचा हप्ता

दुपारची जेवणे उरकली, की पुण्या-मुंबईच्या घरांतून भिशी रंगते. चिठ्ठी निघते, चिवड्याच्या बशा फिरतात आणि एखादीच्या नव्या मिक्सरची सोय लागते. धाराशिव जिल्ह्यात बायका हाच व्यवहार पोटासाठी करतात. तिथे त्याला बचत गट म्हणतात.

नाबार्डने 1992 साली 500 गट बँकांशी जोडून पाहायचे ठरवले. पुढच्याच वर्षी, 30 सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात सास्तूरसारखी या जिल्ह्यातली गावेही पडली. घरे पुन्हा उभारण्याच्या कामात प्रेमा गोपालन आणि 'स्वयं शिक्षण प्रयोगा'ने गावच्या बायकांना पुढे आणले. विटा-सिमेंटचा हिशेब विचारणाऱ्या बायका मग पैशांचा हिशेबही विचारू लागल्या, यात नवल ते काय!

उमरग्याकडच्या एका गटात मी बसले होते. महिना 100 रुपये शिल्लक, त्यातूनच एकमेकींना कर्ज. एकीचे दोन हप्ते थकले होते. कोणी आवाज चढवला नाही. "सोयाबीन येऊ द्या," ती म्हणाली. वहीत तसे लिहिले गेले. पैसा त्यांचा, व्याजही त्यांच्याच पेटीत.

खाजगी कंपनीचा हप्ता मात्र तिने एकही चुकवला नव्हता. कंपनीला सातबारा लागत नाही; पाच-दहा जणी एकमेकींना जामीन राहिल्या, की झाले. "साहेब मंगळवारी येतो. एकीचे कमी पडले, की सगळ्यांना बसवून ठेवतो. मग शेजारीणच बोलते हो ताई, साहेबाला बोलावं लागत नाही." विनातारण कर्ज म्हणतात ते हे! पीक वर्षातून एकदा येते आणि 2025च्या सप्टेंबरात परांडा-भूमकडे झाले तसे पुरात जातेही. हप्ता आठवड्याला येतो.

व्याजाचीही गंमत ऐका. 12,000 रुपये वर्षासाठी शेकडा 12 'सरळ' व्याजाने घेतले, तर महिना 1,120 भरायचे. मुद्दल दरमहा घटते, व्याज मात्र पुऱ्या रकमेवर; खरा दर 22च्या घरात जातो. म्हणूनच एप्रिल 2022पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वर्षाचा खरा दर लिहून द्यावा लागतो, आणि सर्व कर्जांचे हप्ते घरच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. पण आज खुरपणी, उद्या रिकामा हात, अशा घराची मिळकत मोजायची कशी?

बैठक संपता संपता त्याच बाईने गटाकडे आणखी 2,000 मागितले, मंगळवारसाठी. बरीच कुजबुज झाली, शेवटी दिले.

"कारण काय लिहू? शेळी?" वही लिहिणारीने विचारले.

"नको," ती म्हणाली, "खरं तेच लिहा."