गवत कापायचं मशीन चालू होत नाही तेव्हा

पावसाळा ओसरला की कोकणात आंबा-काजूच्या बागांतून ब्रशकटर सुरू होतात, आणि त्याच दिवसांत दुरुस्तीच्या दुकानांपुढे बंद मशीनं येऊन पडतात. त्यांतल्या बऱ्याच मशीनांचं इंजिन शाबूत असतं. पण दुकानात येईपर्यंत कुणीतरी कार्बोरेटरचे स्क्रू फिरवलेले असतात, आणि मूळचा किरकोळ बिघाड शोधणं कठीण होऊन बसतं. या छोट्या टू-स्ट्रोक इंजिनांबद्दलचे काही समज इतके पक्के रुजलेत की त्यांच्यापायी चांगली मशीनं भंगारात जातात.

त्यातला सगळ्यांत जुना समज असा : ऑइल थोडं जास्त पडलं तर इंजिन जास्त टिकतं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइलची वेगळी जागा नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइलच क्रँक, बेअरिंग आणि पिस्टनपर्यंत पोचतं. पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. त्याहून जास्त घातलेलं ऑइल नीट जळत नाही. ते प्लगवर, सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या तोंडाशी आणि सायलेन्सरच्या जाळीत काजळी धरतं. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. कार्बोरेटरच्या बारीक भोकातून मिश्रण जवळपास तेवढंच जातं. त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल कमी होतं, आणि पेट्रोल कमी पडलं की इंजिन तापतं. म्हणजे इंजिन जपण्यासाठी ओतलेलं जादा ऑइलच त्याला तापवतं. ऑइल मोजून घ्यावं, मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये करून हलवावं आणि मगच टाकीत भरावं.

गेल्या हंगामातलं पेट्रोल चालतं, वास तर येतोय ना, असं म्हणणारे खूप आहेत. मला विचाराल तर सगळ्यांत जास्त नुकसान याच समजुतीने होतं. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. अर्धी टाकी भरलेलं मशीन पावसाळाभर पडवीत टांगून ठेवलं, की ओलावा साठत जातो. तो हद्दीबाहेर गेला की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतात. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलसोबत राहतं. टाकीतला फिल्टर वजनदार असल्यामुळे नेमका तळाशी असतो. त्यामुळे इंजिनात पहिल्यांदा जातं ते वंगण नसलेलं पाणचट मिश्रण. शिवाय उरलेलं पेट्रोल उडून गेलं की मागे चिकट थर राहतो, त्याने कार्बोरेटरची बारीक भोकं बुजतात आणि आतला रबरी पडदा कडक होतो. रबरी बल्ब दाबूनही पेट्रोल वर चढत नाही, किंवा इंजिन फक्त चोकवर चालतं, त्यामागे बहुधा हेच कारण असतं. अशा वेळी सगळा कार्बोरेटर बदलायची गरज नसते. पडदे आणि गॅस्केटचा किट घालून, भोकं साफ केली की पुष्कळदा काम होतं. हंगाम संपताना टाकी रिकामी करावी आणि उरलंसुरलं संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं.

प्लगला ठिणगी दिसली म्हणजे करंट ठीक, हाही समज अर्धाच खरा आहे. उघड्या हवेत उडणारी ठिणगी सिलिंडरमधल्या दाबाखाली उडेलच असं नाही. जुन्या प्लगऐवजी नवा लावून पाहणं हीच सोपी परीक्षा. ठिणगी अजिबात नसेल तर कॉइलला दोष देण्याआधी बंद करायच्या बटणाची वायर कॉइलपासून सोडवून पाहावी. ती कुठे घासून धातूला टेकली असेल, तर इंजिन कायमचं 'बंद'वर अडकलेलं असतं. ही तपासणी करताना प्लगच्या भोकाजवळ ठिणगी पाडू नये. तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

काढलेला प्लग बरंच सांगतो. ओलाचिंब असेल तर पेट्रोल पोचतंय, उलट जास्त झालंय. चोक ओढून दोरी ओढत राहिल्याने असं होतं. प्लग काढून, चोक सोडून, बटण बंद ठेवून दोरी काही वेळा ओढावी आणि कोरडा प्लग लावावा. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलची वाट शोधावी.

इंजिन चालू होतं, पण रेस दिली की दबतं? सायलेन्सरची जाळी काढून बघा, काजळीने बुजलेली असते. दहा मिनिटं चालून बंद पडतं आणि झाकण सैल केल्यावर पुन्हा चालतं? टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बंद झालंय.

आता स्क्रूंकडे येऊ. मशीन जोरात किंचाळतंय म्हणजे ट्यूनिंग उत्तम, असं मानून स्क्रू आवळत जाणं हे इंजिन जाळण्याचं हमखास कारण आहे. मिश्रणात पेट्रोल कमी झालं की इंजिन आधी जास्तच फिरतं, आवाज टणक येतो, आणि मग पिस्टन सिलिंडरला चिकटतो. बरोबर लावलेलं इंजिन भाराशिवाय पूर्ण रेसवर किंचित अडखळत फडफडतं आणि गवताला लागलं की सुरळीत होतं. रेस सोडल्यावरही आवाज उतरत नसेल, तर कार्बोरेटरचं गॅस्केट किंवा क्रँकचं सील हवा घेत असतं. तो दोष स्क्रूने लपतो, जात नाही.

दाब गेला, रिंग बदला, असं कुणी सांगितलं तर आधी सायलेन्सर उघडायला सांगा. एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टन सरळ दिसतो. तो गुळगुळीत असेल तर दोष दुसरीकडे शोधायचा. उभे ओरखडे असतील तर पिस्टन, रिंग आणि सिलिंडर बदलण्याआधी मिस्त्रीला विचारा की ते कशाने पडले : ऑइल नव्हतं, पेट्रोल कमी पडलं की सील गळतंय? याचं उत्तर मिळाल्याशिवाय घातलेला नवा पिस्टनही त्याच ठिकाणी ओरखडतो.