वाड्यातलं जुनं रिव्हॉल्व्हर: ऐकीव काय, खरं काय

बेळगाव-निपाणी भागातल्या जुन्या घरात रिव्हॉल्व्हर असलं की त्याच्याबरोबर एक हकिगतही असते. बहुतेक वेळा ती पेशवाईपर्यंत जाते आणि तिथंच खोटी ठरते. पेशवाई बुडाली 1818 मध्ये. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोलियरने गारगोटीच्या ठिणगीवर चालणाऱ्या रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं. ती हत्यारं फार थोडी बनली. सॅम्युअल कोल्टचं अमेरिकन पेटंट 1836 चं, लंडनच्या अॅडम्सचं 1851 चं. त्यामुळे पानिपतावर नेलेलं रिव्हॉल्व्हर असूच शकत नाही आणि 1824 च्या कित्तूरच्या लढाईतलंही जवळजवळ अशक्यच. त्या काळातलं म्हणून दाखवलं जातं ते हत्यार खरंच तितकं जुनं असेल, तर ती एकबारी ठासणीची पिस्तूल असते.

1857 च्या सुमारास मात्र कोल्ट आणि अॅडम्स गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला होती. या मुलखात 1858 मध्ये नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांनी उठाव केला. दत्तक नामंजूर झाल्याचा आणि शस्त्रं काढून घेतल्याचा, असा दुहेरी राग त्यामागे होता. पोलिटिकल एजंट मॅन्सन सुरेबानला मारला गेला आणि 12 जून 1858 रोजी भाव्यांना बेळगावात फाशी दिलं. त्या काळात प्रजेकडची हत्यारं जमा केली गेली. पुढे 1878 च्या कायद्याने बंदुकीला परवाना लागू झाला. म्हणून ‘बंडातलं आहे’ असं कुणी म्हटलं, की ते त्या जप्तीतून सुटलं कसं, हे आधी विचारावं. वाड्यातली बहुतेक रिव्हॉल्व्हरं त्यानंतर, परवान्यावर किंवा सरदार-संस्थानिकांना असलेल्या सवलतीखाली आलेली असण्याचीच शक्यता जास्त. तेव्हाचा परवाना, दुकानाचं बिल किंवा क्रमांक नोंदवलेला कागद सापडला, तर तो हत्याराइतकाच जपावा. नुसत्या सांगोवांगीवर जाणकार संग्राहक जादा पैसे मोजत नाही.

नळीवर इंग्रजी अक्षरं दिसली म्हणून माल विलायती ठरत नाही. बेल्जियममधल्या लिएज शहरात इंग्लिश नमुन्यांच्या नकला मोठ्या प्रमाणात बनत, विशेषतः वेब्लीच्या 1872 च्या ‘बुलडॉग’च्या. लंबगोलात ई, एल, जी ही अक्षरं आणि खाली तारा दिसला, तर ती लिएजच्या चाचणीची खूण. बर्मिंगहॅम आणि लंडनच्या चाचणीघरांचे ठसे वेगळे असतात. कारखान्याच्या नावात स्पेलिंगची चूक असेल, तर सावध व्हावं.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज म्हणजे ‘चकचकीत केलं की किंमत वाढते’. खंडेनवमीला हत्यारं पूजेला निघतात. श्रद्धेने काढतात आणि त्याच श्रद्धेने चिंच, राख, नाहीतर पॉलिश पेपर लावून घासतात. त्यात कारखान्याचा निळसर काळा मुलामा निघून जातो, कडा गोलावतात, ठसे बुजतात, स्क्रूभोवती खळगा पडतो. गेलेला मुलामा नव्याने चढवता येतो, पण तो मूळचा नसतो, आणि जाणकाराला ते कळतं. मूळ मुलामा थोडासाच उरलेला, पण ठसे टोकदार असलेला नग निकेल चढवलेल्या झगमगीत नगापेक्षा कितीतरी सरस. पूजा जरूर करावी. हळद-कुंकू धातूला न लावता खालच्या वस्त्राला लावावं, एवढीच कळकळीची विनंती. स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या असतील, तर आत कुणीतरी हात घातलाय असं समजावं. ज्या नमुन्यांत सांगाडा, नळी आणि सिलिंडर यांवर क्रमांक असतात, तिथे ते जुळले पाहिजेत. आणि चामड्याच्या म्यानात हत्यार ठेवू नये: बेळगावच्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि लोखंड आतल्या आत गंजतं. म्यान जपावं, पण वेगळं.

‘शंभर वर्षं झाली, आता परवाना कशाला?’ हा समज तर थेट तुरुंगाकडे नेणारा. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45 मधली सूट जुनाट हत्याराला आहे खरी, पण ते दुरुस्त करूनही झाडता येणार नसेल तरच. हा निवाडा घरात बसून करायचा नसतो. परवाना कार्यालयाला लेखी विचारावं. वेब्लीच्या .455 बोअरसारखी लष्करी काडतुसं चालणारी रिव्हॉल्व्हरं तर प्रतिबंधित गटात मोडतात. कोडगूतल्या कोडव समाजाला परवान्यातून सूट आहे, म्हणून ती अख्ख्या कर्नाटकाला आहे असं नाही. शंभर वर्षांपुढची वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येते. तेव्हा लंडनच्या नातेवाइकाकडे ती धाडून देणं हाही गुन्हा.

परवानाधारक वारला, तर वारसाने हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं, क्रमांकासकट पावती घ्यावी आणि मग आपल्या नावे अर्ज करावा. परवान्यावर तो कुठल्या क्षेत्रात चालतो तेही लिहिलेलं असतं. निपाणीहून कागलला जायला वेळ लागत नाही, पण मध्ये राज्याची हद्द आहे. परवाना कर्नाटकापुरता असेल, तर कोल्हापूरच्या जाणकाराकडे हत्यार न नेता त्याचे आणि ठशांचे स्पष्ट फोटो न्यावेत.